धायरीच्या लेथवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्याकडचा पोरगा हे वाचून दाखवेल, आणि तुम्ही अर्ध्यातच त्याला ‘पुरे, जॉबकडं बघ’ म्हणून गप्प कराल. तरी लिहिते, कारण जीपच्या चाकांच्या कामाबद्दल समोर आभार मानायला गेले की तुम्ही लेथचं यंत्र चालू करता.

बाबांची महिंद्राची जीप भोरच्या शेतावर राबराब राबली. मिळेल ते चाक लावून तिथल्या लोकांनी ती चालवत ठेवली होती. पुढे ६.००-१६ चे, म्हणजे सोळा इंची, ट्रॅक्टरचे टायर, मागे मारुती जिप्सीच्या १५ इंची रिमा. ट्रॅक्टरच्या टायरवर ‘ए८’ लिहिलेलं तुम्हीच बोट ठेवून दाखवलंत: ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये असा त्याचा अर्थ. आणि अशा टायरांवर ही गाडी कात्रजचा घाट उतरून पुण्यात आली होती! पुढची-मागची चाकं लहानमोठी असताना डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकलं, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर दिला, की लिव्हर परत का निघत नाही, तेही तेव्हाच कळलं. दोन्ही अ‍ॅक्सल वेगळ्या वेगाने फिरू बघतात आणि गिअर मधल्या मधे आवळले जातात.

जुन्या बाजारातून मी आणखी दोन १५ इंची रिमा आणल्या. पाच भोकं जुळत होती, मधलं भोक मात्र लहान. पुढचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो अ‍ॅक्सलच्या टोकाचा गोल भाग, आत शिरेना. एका गॅरेजने सांगितलं, जुन्या रिमची मधली तबकडी कापून यात वेल्डिंग करून देतो, संध्याकाळी घेऊन जा. दुसऱ्याने स्पेसर, म्हणजे मधे घालायची जाड चकती, सुचवली. तुमच्याकडे आले ती वेल्डिंगचंच विचारायला. तुम्ही रिम हातात घेऊन फिरवलीत आणि म्हणालात, “हे माझ्या हातून व्हायचं नाही. बसा, चहा घ्या.”

मग जे केलंत ते मी स्टुलावर बसून पाहिलं. पाच भोकांची रिम समोरासमोर मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर घेतलंत. ८२ मिलिमीटर आलं, म्हणजे पाचही भोकांच्या केंद्रांतून जाणारं वर्तुळ १३९.७ चं. जीप, जिप्सी आणि ही बाजारातली, तिन्ही एकाच मापाच्या. मधलं भोक जिप्सीइतकं, १०८ पर्यंत वाढवायचं ठरलं. रिम लेथवर मावेना, तर बेडचा काढता येणारा तुकडा काढून जागा केलीत. मला वाटलं आता लेथच्या पकडीत, चकमध्ये, कडेने धराल. तुम्ही लेथच्या फिरत्या तबकडीवर पाच स्टडची (नट चढतात त्या आट्यांच्या दांड्यांची) वेगळी प्लेट बसवलीत आणि रिम तिच्यावर नटांनी आवळलीत. कड ठोकर खाऊन वाकलेली असते, चाक फिरतं ते नटांवर, म्हणून केंद्र तिथूनच घ्यायचं. केंद्र किती हलतंय ते दाखवणाऱ्या डायलचा काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत टूल लावलं नाहीत. पोरगा घाई करत होता, त्याला मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

पण माझ्या मते खरं काम त्यानंतरचं, आणि ते मी सांगितलेलंही नव्हतं. “गाडीवर लावूनच बघू,” म्हणत तुम्ही मागचं डावं चाक खोललंत आणि नट हातात खुळखुळवून पाहिलात. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात. ते माहीत नसलेल्या कुणीतरी पान्याला पाइप लावून नट सोडवायच्या नादात आणखी आवळला, स्टड तोडले, आणि जागी १२ मिलिमीटरचे स्टड ठोकले. नट मात्र अर्धा इंची, म्हणजे १२.७ चे. आट्यांचं अंतर एकाचं १.२५, दुसऱ्याचं १.२७, त्यामुळे नट विनातक्रार चढतो. धरतो फक्त आट्यांच्या टोकांवर. तुम्ही नट अर्धा चढवून माझ्या हाताने हलवून दाखवलात. तो सैल दातासारखा डुगडुगत होता. एरवी हे कुणी बघितलं असतं?

नाना पेठेतून अर्धा इंची स्टड मागवून तुम्ही ते सगळे बदललेत. पुढच्या डाव्या चाकाचे उलटे आटे शाबूत होते ते तसेच ठेवलेत, आणि पंक्चरवाल्याला कळावं म्हणून मडगार्डच्या आत लाल रंगाने बाण काढलात. बाजारातल्या दोन्ही रिमा पुढे, जिप्सीच्या दोन्ही मागे. जोड्यांचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, वेगळा असला तरी एका अ‍ॅक्सलवर डावं-उजवं सारखं. टायर चारही २१५/७५ आर१५. जुन्या सोळा इंचीपेक्षा व्यास दोनेक सेंटिमीटरने कमी आहे, वेगाचा काटा किंचित जास्त दाखवतो, त्याचं मला काही वाटत नाही.

बिलात तुम्ही फक्त भोक वाढवण्याचं, बोअरिंगचं, काम लावलंत. स्टड ठोकण्याची मजुरी विचारली तर म्हणालात, ते तुम्ही कुठं सांगितलं होतं. हा हिशेब मला पटलेला नाही.

शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घेतले, एकही सैल नव्हता. आता स्टेपनी तेवढी सोळा इंचीच राहिली आहे. तिच्या जागी लावायला पंधरा इंची रिम मिळाली की घेऊन येते. दिवाळीच्या आधी आणू नका म्हणालात, तर नंतर आणेन. आणि त्या वेळी दोन्ही कामांची मजुरी घ्यायची.

आपली,
भोरच्या जीपवाली