चि. दादास, रिपोर्टबद्दल

चि. दादा यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठविलेल्या रिपोर्टचा फोटो काल रात्री मोठा करून दोनदा वाचला. सीआरपीबद्दल तू इतका धास्तावून बोललास आणि कोलेस्टेरॉलचा विषय "ते ठीक आहे गं" म्हणून असा उडवून लावलास, की बत्तीस वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या हाताळलेल्या बाईला ते ऐकून गप्प बसवेना. फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी तुझा सीआरपी, तो १४ आला आहे. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांवरील संशोधनात सापडले. शरीरात कोठेही दाह झाला की यकृत ते भराभर तयार करू लागते आणि तो दाह हृदयाच्या धमनीत आहे की हिरडीत, हे त्याला सांगता येत नाही. हृदयाची जोखीम पाहताना ते हाय सेन्सिटिव्हिटी पद्धतीने मोजतात. १ च्या आत असलेले चांगले, ३ च्या वर असेल तर लक्ष द्यायचे, आणि १० च्या पुढे गेले तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा, असा संकेत आहे. ज्या आठवड्यात तू रक्त दिलेस त्याच आठवड्यात तुझी दाढ सुजली होती, हे तू मला सांगितलेस पण नमुना घेणाऱ्या मुलाला सांगितले नाहीस, आणि त्यानेही विचारले नसणार. दाढेचे पुरते निस्तरल्यावर तीनेक आठवड्यांनी ही तपासणी पुन्हा कर. होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडले की रक्तात साठणारे एक अमिनो आम्ल, वाढले आहे, त्याचेही फार मनावर घेऊ नकोस. आपण शाकाहारी, तुझे बी-१२ कमीच असणार. ते जरूर तपास आणि कमी असेल तर गोळ्या घे, मात्र गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरविल्यामुळे हृदयविकाराचे झटके टळतात, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. ऐंशी तपासण्यांचे पॅकेज घेतले की चार-दोन आकडे ठळक अक्षरांत छापून येतातच.

आता ज्याला तू ठीक म्हणतोस त्याकडे येते. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (लोक ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९५ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११५. यातला एलडीएल बहुधा कोणी मोजलेलाच नाही, तो वजाबाकी करून काढला आहे. एकूणातून एचडीएल वजा करायचे, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा आणि उरेल तो एलडीएल, हे फ्रीडवाल्ड यांचे १९७२ मधील सूत्र. तुझे आकडे घालून पाहा, बरोबर ११५ येतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरायचेच नसते. लग्नसराईत आमच्याकडे असे नमुने हमखास येत. नळ्या गरगर फिरविणारे सेंट्रीफ्यूज यंत्र थांबल्यावर नळी बाहेर काढावी, तर खाली लाल थर बसलेला असे आणि वरचे सीरम, जे फिक्या पिवळ्या रंगाचे व पारदर्शक असायला हवे, ते पातळ ताकासारखे पांढुरके दिसे. मग बाहेर जाऊन विचारावे, "काका, रात्री काय जेवलात?" आणि काकांनी मान खाली घालावी.

तुझे सीरम तसे नसणार. परंतु ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल उतरलेले, ही जोडी आपल्या लोकांत फार आढळते, आणि अशा वेळी एलडीएलचा आकडा जेवढे सांगतो त्याहून अधिक लपवतो. क्विंटलभर ज्वारी दोन पोत्यांत भरली काय किंवा वीस पिशव्यांत भरली काय, काट्यावर वजन तेच. रक्तातले कोलेस्टेरॉलही असेच बारीक कणांत भरलेले असते, आणि धमनीच्या अस्तरात वजन शिरत नाही, त्या पिशव्या शिरतात. अशा प्रत्येक घातक कणावर अपोबी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजणे म्हणजे पिशव्या मोजणे. तेवढा खर्च नको असेल तर एकूणातून एचडीएल वजा कर. तुझे १५४ येते. ते १३० च्या आत हवे.

पण माझे खरे म्हणणे जो आकडा या ऐंशी तपासण्यांत कोठेच नाही त्याबद्दल आहे. बाबांना झटका आला तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. तंबाखू नाही, पोट नाही, साखर नाही, आणि सहा महिन्यांपूर्वीचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची तपासणी, मीच लावलेला, अगदी नेमस्त. अँजिओप्लास्टी झाली, घरी आले, आणि पुढे कित्येक वर्षे मी त्या कागदात माझीच चूक शोधत राहिले. अखेर एका डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए, ज्याला ते लोक 'एलपी लिटल ए' म्हणतात, ते तपासायला सांगितले. ११८ मिलिग्रॅम आले. ५० च्या वर गेले की जास्त धरतात. हा कण म्हणजे एलडीएलचाच भाऊ, फक्त त्याला एक जादा प्रथिन साखळीसारखे जोडलेले असते. ते १९६३ मध्ये ऑस्लोच्या कोरे बर्ग यांनी शोधले. त्याचे प्रमाण मुख्यतः आईबापांकडून आलेल्या जनुकावर ठरते, पथ्याने किंवा चालण्याने ते फारसे हलत नाही, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते वेगळे दिसतही नाही. म्हणूनच ते आयुष्यात एकदा तपासले तरी बहुतेकांना पुरते, आणि कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही एकदा तरी तपासा असेच म्हटले आहे.

बाबांकडच्या त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती तुझ्या वाट्याला आली, ते तुझ्या तब्येतीकडे पाहून मला कळणार नाही. लायपोप्रोटीन-ए जास्त निघाले तर कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या स्टॅटिन गोळ्यांनी उतरणार नाही, त्यासाठीची खास औषधे अजून चाचण्यांत आहेत. मग तपासून उपयोग काय, असे तू विचारशीलच. उपयोग हा, की मग ११५ ला ठीक म्हणता येणार नाही. जे हलत नाही ते तसेच राहिले तरी एलडीएल, रक्तदाब, साखर, वजन हे जे हलते ते तुझे डॉक्टर अधिक खाली आणतील, आणि ते चाळिशीच्या आत सुरू होईल.

ताईलाही सांग. हा पुरुषांचा आजार आहे, असे तिने मला दिवाळीत ऐकविले होते. अमेरिकेतील २७,९३९ निरोगी स्त्रियांचे रक्त एकदाच तपासून पुढे तीस वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवले गेले, आणि सीआरपी, एलडीएल व लायपोप्रोटीन-ए या तिन्हींनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, पुढची जोखीम दाखविली. हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

लायपोप्रोटीन-एसाठी उपाशी राहायची गरज नाही. दंडाला पट्टा बांधल्यावर नमुना घेणारा शीर शोधत बसला, तर पट्टा सोडून पुन्हा बांधायला सांग, फार वेळ आवळलेल्या हातातले रक्त दाट होऊन आकडे उगाच चढतात. आणि रिपोर्ट आला की पानाचा पूर्ण फोटो पाठव. मागच्या वेळी तू उजवीकडचा युनिटचा रकाना कापला होतास. काही लॅब हे मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. ९० मिलिग्रॅम ही काळजीची गोष्ट, पण ९० नॅनोमोल १२५ च्या मर्यादेच्या आत बसते, आणि युनिट दिसले नाही तर मी इकडे रात्रभर जागी राहीन.

तुझी,
आई