मुंग्या छापल्या, पाय तुटले

कोल्हापूर,
कोजागरी पौर्णिमा

चि. अनू हिस अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुमच्या ग्रुपनं काढलेल्या स्टिकरच्या फायली मिळाल्या. फोनवर बोलायचं म्हटलं तर इकडं दुकानात काउंटरवर कुणीतरी रेडियमचं काम घेऊन उभा असतो, आणि तिकडं तू 'हां पप्पा, हां पप्पा' करत अर्ध्यातच ठेवतेस. म्हणून लिहायला बसलो. सोबतच्या पाकिटात नमुने आहेत. ते आधी बाहेर काढ, मैत्रिणींना बोलाव, मग पुढचं वाच.

सगळ्यांत भारी मुंग्या. कुणी काढल्यात ते तू लिहिलं नाहीस, पण ज्या पोरीनं काढल्यात तिला माझी शाबासकी सांग. स्क्रीनवर बघितलं तर काय, दहा-बारा काळ्या मुंग्या. पण केएमटीच्या, म्हणजे आपल्या सिटी बसच्या, थांब्यावरच्या कट्ट्यापासून निघून, पायरीच्या कडेकडेनं, भिंतीवर चढून शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या साखरेच्या डब्यापर्यंत त्यांची रांग न्यायची, ही कल्पना वाचून मी एकटाच हसलो. बसची वाट बघणारा माणूस मोबाईलमधून मान वर काढेल आणि रांग कुठं जाते ते बघत बसेल. ती रांग दुसरीकडं कुठं लावून चालायची नाही.

बाकी मग पैलवान, म्हैस, चप्पल आणि मिसळ. चित्रं वाईट नाहीत. म्हशीच्या डोळ्यात चांगलाच माज उतरलाय. पण ती बिंदू चौकात लावा नाहीतर पुण्यात हॉस्टेलच्या फ्रीजवर, काही फरक पडत नाही. शिवाय ही मंडळी टी-शर्टवर, कपावर, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत जाणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्यांवर कधीच जाऊन बसलीत. तुमच्या प्रोजेक्टच्या नावातच 'सार्वजनिक जागा' आहे ना? मग आधी जागा बघायला नको का?

आता मुंग्यांचं दुखणं. फाईलमध्ये मुंगी तीन सेंटीमीटरची आणि पाय अर्धा मिलिमीटर जाड. काळं व्हिनाईल, म्हणजे स्टिकरचं प्लॅस्टिक, लावून प्लॉटरवर, आमच्या कापायच्या मशीनवर, टाकली. ब्लेड बिनतक्रार फिरलं. पण भोवतालचं जादा व्हिनाईल सोलायला लागलो तसे पाय त्याच्याबरोबर उठून यायला लागले. चिमटा घेतला, सुई घेतली, दिवा जवळ ओढला. एका मुंगीचे सहाच्या सहा पाय वाचवले, तर ट्रान्स्फर टेप (कापलेला आकार उचलायची चिकटपट्टी) लावून उचलताना दोन मागंच राहिले. शेवटी कागदावर उरल्या त्या मुंग्या नव्हत्या, सांडलेले तीळ होते. पाकिटात तेही ठेवलेत, बघ.

यावर इलाज दोन. एक तर मुंगी पाच-सहा सेंटीमीटरची करा आणि पाय दीड मिलिमीटरपर्यंत जाड करा. नाहीतर पारदर्शक व्हिनाईलवर प्रिंट मारून मुंगीभोवती थोडी जागा सोडून नुसता बाहेरचा आकार कापायचा, म्हणजे पाय सुटे करायची भानगडच नको. पण पारदर्शकची कड उन्हात चमकते, आणि गडद भिंतीवर काळी मुंगी दिसतच नाही. मला विचारशील तर जाड पाय. चार फुटांवरून बघणाऱ्याला पाय जाड आहेत हे कळत नाही. पाय नाहीत हे मात्र लगेच कळतं.

'घाई कुठं, पावणं?' हे अक्षरांचं डिझाइन मला आवडलं, पण ते वेल्ड न करता, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक न करता, पाठवलंय. प्लॉटरला भाषा कळत नाही, रेघ दिसली की तो कापतो. शिरोरेघ आणि अक्षर जिथं एकमेकांवर चढलेत तिथं आडवा काप बसतो आणि 'घाई'चे चार तुकडे होतात. वेल्ड केलंस तर मात्र आपल्या लिपीसारखं सुख नाही. शिरोरेघेमुळं अख्खा शब्द एका तुकड्यात उचलला जातो. इंग्रजी असतं तर एकेक अक्षर धरून बसावं लागलं असतं. आपल्याकडं दगा देतो तो अनुस्वार. तो सुटा, त्यात बारीक, आणि सोलताना पहिला उडतो. 'कुठ' आणि 'पावण' असं चिकटवून आलात तर गाव हसायला मोकळं. तेव्हा ते टिंब जरा ठसठशीत करा. आणि अक्षर किती मोठं, तर दहा फुटांवरून वाचायचं असेल तर आम्ही उंची इंचभर धरतो. मराठीला वरखाली मात्रा-उकार असतात, म्हणून थोडी जास्तच धरायची.

तुमच्या टिपणातला तो अमेरिकेतला किस्सा आवडला. 1989 मध्ये ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकणारा शेपर्ड फेअरी नावाचा पोरगा आंद्रे द जायंट या पैलवानाच्या चेहऱ्याचा स्टिकर काढतो, त्यावर 7 फूट 4 इंच, 520 पौंड असं लिहितो (236 किलो झाले की गं!) आणि गावभर चिकटवत सुटतो. जाहिरात नाही, पक्ष नाही, अर्थ नाही. लोक बुचकळ्यात पडले आणि त्यातूनच ते पसरलं. झकास. पण म्हणून तुमचा पैलवानही तसाच चालेल असं समजू नका. खासबागेच्या आसपास अनोळखी पैलवानाचा चेहरा लावून बघा. बुचकळ्यात कुणी पडणार नाही. चार म्हातारे जमतील, 'कुठल्या तालमीचा रं ह्यो? वस्ताद कोण?' म्हणून विचारतील, आणि उत्तर मिळालं नाही तर आपापसांत ठरवूनही टाकतील. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेलं मैदान ते. तिथल्या माणसाला पैलवान नावागावानिशी ओळखायची सवय आहे.

परवानगी मागितली की मजा जाते असं तुझी मैत्रीण म्हणते. कायद्याचं आधी सांगतो. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आपल्याकडं 1995 पासून आहे. लेखी परवानगीशिवाय लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी काही चिकटवलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा बसथांब्यासाठी महापालिकेकडं आणि केएमटीकडं कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर अर्ज द्या, आणि पोच घ्या. पण माझा मुद्दा दंडाचा नाही. विचारून लावलेला स्टिकर दुकानदार रोज सकाळी फडक्यानं पुसतो. न विचारता लावलेला नखानं खरवडतो, आणि तो कधी पुरता खरवडला जात नाही. अर्धा कान, एक डोळा आणि काळा पडलेला गम, एवढं ऐवज शटरवर वर्षानुवर्षं राहतं. गावात फिरताना बघ, किती ठिकाणी दिसतंय.

दुसरं म्हणजे, विचारायला गेलात की चित्र सुधारतं. चहावाला म्हणेल, 'साखरेचा डबा तिथं नसतोय ताई, हिकडं असतोय, आणि सकाळी मी गाडा उलटा लावतोय.' झालं! तुमची अख्खी रांग चुकीच्या दिशेनं निघाली असती. बरं, त्याला विचारलंत म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो स्वतः मुंग्या दाखवत बसणार. त्या फेअरीला तरी असा माणूस कुठं मिळाला होता? मजा कशात असते यावर तुझ्या मैत्रिणीशी मी समोरासमोर वाद घालीन, तिला घेऊनच ये.

देवळाचा दगड, भवानी मंडप, झाडं, सिग्नल, रस्त्याच्या पाट्या आणि महावितरणच्या पेट्या यांना हात लावायचा नाही. त्यावर चर्चा नको.

तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत येणार, तेव्हा एक अडचण आहे. दसरा-दिवाळीला निम्म्या दुकानदारांनी शटर रंगवलेलं असतं. ताज्या ऑइलपेंटवर स्टिकर लावला तर खालून वाफ धरते, बुडबुडे येतात, आणि काढताना रंगाचं पापुद्रं घेऊन निघतो. रंग देऊन निदान तीन-चार आठवडे झालेत का ते विचारूनच लावा. चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीचा नाद सोडा. तिथं गम भिंतीला धरत नाही, भुकटीला धरतो. सगळ्यांत चांगली काच, मग गुळगुळीत पत्रा. कोपरे टोकदार ठेवू नका, सगळे गोल करा, सुटायला सुरुवात तिथनंच होते. आणि तुमच्या पैलवानाचा तो तांबडा लंगोट लॅमिनेशनशिवाय उन्हात टिकायचा नाही. आधी तांबडा-पिवळा उडतो, निळा मागं राहतो. उन्हातली जुनी पोस्टरं निळीसर दिसतात ती त्यामुळंच.

पण तो दोन फुटी पैलवान व्हिनाईलवर नकोच, असं मला वाटतं. एवढं पीव्हीसी चिकटवायचं, आणि मागचा तो गुळगुळीत कागद सिलिकॉनचा, रद्दीवालाही घेत नाही. तो कागदावर छापा आणि मैद्याच्या खळीनं लावा. हे बाबूराव पेंटरांचं गाव आहे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं पुढं आपल्या मूकपटांची पोस्टरंही रंगवली. तेव्हाची पोस्टरं खळीवरच तर असायची. पाण्यानं भिजवलं की निघतात, भिंत तशीच राहते. खळ आई करून देईल, तिला चांगली जमते. थोडा मोरचूद घालावा लागतो म्हणजे कीड लागत नाही, पण ते मी हातमोजे घालून करीन, तुम्ही त्यात हात घालू नका.

व्हिनाईल लावाल ते काढायचं कुणी, हे अर्जातच लिहा. तारीख टाका. केस वाळवायच्या मशीननं कोमट करायचं, कोपरा उचलायचा आणि भिंतीला समांतर धरून सावकाश ओढायचं. सरळ बाहेर ओढलं की फाटतं. गम राहिला तर रॉकेलचा बोळा. तुमच्या सरांना फोटो लागतात ते लावतानाचे, माहीत आहे मला. काढतानाचेही काढा.

आणखी एक सुचतंय. थांब्यावर परवानगीला वेळ लागला तर रिक्षा आहेत की. आपल्याकडचे रिक्षावाले गाडी किती हौसेनं सजवतात ते तुला सांगायला नको, रेडियमचं काम मला त्यांनीच शिकवलं म्हटलं तरी चालेल. कडक गिऱ्हाईक. पाव इंच वाकडं गेलं तर उचकटायला लावतात. 'घाई कुठं, पावणं?' मागच्या काचेवर लावायला दोन-तीन जण तरी लगेच तयार होतील, मी विषय काढलाय. फक्त त्यांना अक्षर निवडू द्या. तुमचा तो बारीक, नाजूक फॉन्ट ते घेणार नाहीत, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

सुधारलेल्या फायली कोरलड्रॉच्या सीडीआरमध्ये, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून, पाठव. गेल्या वेळचा फॉन्ट माझ्याकडं नव्हता, सगळे चौकोन दिसत होते. प्रिंटच्या फाईलला चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा कड, सोड. दिवाळीआधी कामाची गर्दी असते, तेव्हा लवकर. व्हिनाईलचे पैसे ग्रुपनं द्यायचे, कटिंगचे मी घेत नाही. सरांना खर्चाचा हिशेब दाखवायचा असेल तर बिल करून देतो.

किती जणी येणार ते कळव, आई गाद्या उन्हात टाकायच्या म्हणतेय.

तुझा,
पप्पा

ता. क. पाडव्याला म्हशींची मिरवणूक असते. त्या दिवशी म्हशीचे स्टिकर वाटायचे असतील तर तीन इंचांचे, गमिंग शीटवर (मागं गम असलेल्या कागदावर) स्वस्तात करून देतो. पण म्हशीला चिकटवायचे नाहीत. मालक आणि म्हैस दोघंही अंगावर येतील.