मळवलीचे तिकीट आणि शिबिराची पावती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मुलांच्या साहसी वृत्तीवरचा लेख वाचला. तेव्हाच लिहायला बसत होते, पण सून म्हणाली, "आई, आज नको, उद्या शांतपणे लिहा." आज सोमवार आहे. शांत काही झालेले नाही.

लेखिका अभ्यासू असतील, त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. लेखासोबतचा फोटो मात्र मी भिंग घेऊन पाहिला. हेल्मेट, हार्नेस, कोपराला पॅड, गुडघ्याला पॅड आणि या सगळ्यातून उरलेल्या फटीत एक मूल. त्याखाली शिबिराला जाताना न्यायच्या वस्तूंची यादी. ती वाचून मला वाटले, पोराला सियाचीनला पाठवताहेत की काय. आणि कुटुंबाने मिळून काढायच्या सहलीला अख्ख्या पानात जागा किती? दीड ओळ! "त्याने मुलांची करमणूक होते, मात्र साहसाची सवय लागत नाही," असा शेरा मारून बाई पुढच्या चौकटीकडे वळल्या. चौकटीत शिबिराचा फोन नंबर होता.

सवय लागत नाही म्हणे. माझ्या नातीचे सांगते.

नात तेव्हा आठ वर्षांची होती. नाताळची सुट्टी, मुलगा-सून दोघेही ऑफिसात. गुडघ्यांमुळे आता मला लोहगड जमत नाही, म्हणून मी मळवलीजवळची भाजे लेणी ठरवली. ठरवली म्हणजे फक्त जागा ठरवली. बाकी सगळे तिने करायचे, आजी नुसती सोबत येणार, असा आमचा करार झाला. चिंचवड स्टेशनवर तिकीट काढायला तिलाच पुढे केले. खिडकीपर्यंत हात पुरत नव्हता, तरी टाचा उंचावून तिने "मळवली, एक फुल, एक हाफ, रिटर्न" असे ठणकावून सांगितले. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मदतीला हात पुढे केला होता, त्यांना मी डोळ्यांनीच थांबवले. लोणावळा लोकलमध्ये दाराजवळची जागा नाही, खिडकी चालेल, एवढा एकच हुकूम माझा. तळेगाव आले तेव्हा इथे लेखक गो. नी. दांडेकर, म्हणजे गोनीदा राहायचे, ते पायी गड हिंडायचे, असे मी सांगायला गेले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांच्यासोबत आजी होती का?"

मळवलीला उतरून भाजे गावाकडे चालत निघाले की वाटेत द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. तिथे आमची बरीच वेळ छावणी पडली. खालून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करायचा आणि कोण हॉर्न देतो ते मोजायचे. हे कुठल्या अभ्यासक्रमात बसते मला माहीत नाही, पण त्या पुलावरून तिला उचलून न्यायला मी काही तयार नव्हते.

खरी गंमत गावात झाली. लेण्यांकडे जाणारा सरळ रस्ता सोडून बाईसाहेब घरांमधल्या एका बोळात शिरल्या. मला रस्ता माहीत होता, पण करार म्हणजे करार, मी गप्प. बोळ संपला तो एका गोठ्यापाशी. पुढे हरभऱ्याचे शेत, मागे भुंकणारे कुत्रे. नातीने माझ्याकडे पाहिले. मी आभाळाकडे पाहिले. भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर पळायचे नाही, एवढे तिला ठाऊक होते, त्यामुळे ती जागच्या जागी उभी राहिली. रडू येईल असे वाटत होते, तेवढ्यात गोठ्यातून एक बाई आल्या. आता विचारायचे काम तिचे. घरी पाहुणे आले की सोफ्यामागे लपणारी ही मुलगी, बारीक आवाजात का होईना, म्हणाली, "काकू, लेण्यांकडे कसं जायचं?"

"वर जायाचंय व्हय? मग हिकडनं कशाला आलीस गं पोरी? ये, आदी पाणी पी."

पाणी मिळाले, गूळ मिळाला, कुत्र्याचे नाव कळले. हरभऱ्याची पाने चाटली की जीभ आंबट होते, हेही तिथेच कळले. निघताना त्या बाईंनी बांधावरून जाणारी वाट दाखवली. त्या वाटेने ती पुढे आणि मी मागे. एरवी पायऱ्या बघून "किती आहेत अजून?" विचारणारी नात लेण्यांच्या पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबत होती.

वर गेल्यावर चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, तिने मान वर करून छताकडे पाहिले. आपल्या वाचकांपैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. दगडी कमानीला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, इसवी सनाच्या आधीच्या, अजून जागच्या जागी. मी तेच ठरावीक बोलू लागले, बघ हे लाकूड दोन हजार वर्षांहून जुने आहे वगैरे. तिने मध्येच तोडले. "पण दगड आहे ना वर? मग लाकूड कशाला लावलं?" लाकडी सभागृहे बांधणाऱ्यांनी तोच घाट दगडात आणला, इतके मी वाचलेले होते आणि ते तिला सांगितले. पण दगडाला आधार नको असताना खरे लाकूड कशाला, यावर ती काही समाधानी झाली नाही. बाहेरच्या स्तूपांच्या रांगेपाशी तिने तोच प्रश्न पहारेकऱ्यांना विचारला. त्या गृहस्थांनी तो हसण्यावारी नेला नाही. "शोभेला असंल, नायतर सवयीनं," असे त्यांचे मत पडले. घरी येईपर्यंत "सवयीनं" हेच उत्तर तिने नक्की केले होते. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत तिकीट लागत नाही, हे आपल्या पुरवणीने एका ओळीत छापले असते तर त्या फोन नंबरपेक्षा जास्त लोकांच्या कामी आले असते.

उतरताना पाय घसरला, गुडघा खरचटला. रुमाल ओला करून पुसला, पुढे चालू लागली. झाले एवढेच. पण संध्याकाळी मुलाने तो गुडघा पाहिला आणि घरात जे काही सुरू झाले ते विचारू नका. "आई, तुला कळतं का? काही झालं असतं म्हणजे?" कुत्र्याचे प्रकरण नातीने स्वतःच अभिमानाने सांगितले, त्यामुळे आगीत तेल. सोसायटीतल्या एका काकूंनीही येऊन मत दिले, त्यांना कोणी विचारले नव्हते. शेवटी तडजोड निघाली. साहसच हवे ना, मग उन्हाळ्यात "प्रॉपर" शिबिर.

ते शिबिर झाले. पावती मी फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवली आहे, रक्कम इथे लिहीत नाही, लिहिली तर सून पुन्हा मला शांत व्हायला सांगेल. मोठ्या बसने नेले, आणले. झिपलाइन होती. रांगेत पाऊण तास उभे राहायचे, मग हार्नेस, मग काही सेकंदांत पलीकडे. दोरीची जाळी, रबरी टायर, दुपारी रेन डान्स. शेवटी लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र, त्यावर तिचे नाव चुकीचे. मी विचारले, मजा आली का? आली म्हणाली, आणि ती खोटे बोलत नव्हती. मग म्हणाली, "पण तिथे सर सांगतील तेवढंच करायचं असतं, आजी." एवढेच बोलली आणि टीव्ही लावला.

आता लेखिका म्हणतील, आजी, सुरक्षिततेचे काय? बरोबर आहे, विचारावेच. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. लेखात तो उल्लेख आला आणि लगेच त्यातून निष्कर्ष निघाला की मुलांना घेऊन स्वतःहून जाऊच नका, जाणकारांच्या ताब्यात द्या. उलटे आहे हो हे! पाण्याची ओळख नसलेली माणसे पाण्यात उभी राहतात. निवळ पाणी अचानक गढूळ व्हायला लागले, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, वरून येणारा आवाज बदलला, की क्षणभरही न थांबता काठावर यायचे. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडे असले तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. हे मुलाला कधी दाखवणार? रेन डान्समध्ये? माझे आजोळ ओढ्याकाठी होते, आम्हाला हे मामाने काठावर बसवून शिकवले, पावसाळ्यात ओढ्यात पाय घालू न देता. ओढ्याकाठी बसून नुसते पाणी बघणे हीसुद्धा सहलच होती.

आणि सुरक्षिततेचा एवढा कळवळा होता तर चौकटीत फोन नंबरशेजारी आणखी एक ओळ मावली असती. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पालकांनी पैसे भरण्याआधी ती नोंदणी दाखवा म्हणायला हवे. आम्ही विचारले तेव्हा "प्रोसेसमध्ये आहे" असे उत्तर मिळाले होते. आपल्या पुरवणीने विचारले होते का? की जागा विकली होती म्हणून विचारायचे राहिले? रागावू नका, तीस-पस्तीस वर्षे घरात तुमचाच पेपर येतो, तेवढा हक्क समजते.

लेखात पालकांसाठी दहा टिप्सही होत्या. मुलाचे प्रत्येक पाऊल फोटोत टिपा म्हणजे त्याचा आत्मविश्वास वाढतो, ही त्यातली चौथी. मी तर म्हणेन मोबाइल पिशवीत तळाशी ठेवावा, अडीअडचणीला लागतो म्हणून न्यावा. पर्वतीच्या पायऱ्या, वेताळ टेकडी, नाहीतर सिंहगडाच्या पायथ्याची बस पकडून आतकरवाडीहून जमेल तेवढे वर आणि जिथे दमले तिथून परत. गड सर झालाच पाहिजे असे कुठे लिहिले आहे? मोठ्यांना वर पोचून पिठले-भाकरी खायची घाई असते. लहानांना वाटेतली घोरपड दिसते. तिथे अर्धा तास गेला तर जाऊ द्यावा, भाकरी दुसऱ्या खेपेला.

नात आता दहा वर्षांची आहे. या दिवाळीत तिला विसापूर बघायचा आहे, बाबांबरोबर. बाबांनी अजून हो म्हटलेले नाही, त्यांना पार्किंगची चिंता आहे. लोकलने जा म्हटले तर माझ्याकडे असे बघतात की जणू बैलगाडी सुचवली.

जाता जाता आणखी एक, विसापूरवरून आठवले. त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात "लोहगडाशेजारचा किल्ला" असा आडवा शब्द विचारला आहे आणि चौकोन दिले आहेत तीन. विसापूरला चार लागतात. मी तासभर दुसरा किल्ला शोधत बसले. शिवाय उत्तरे हल्ली राखाडी रंगावर इतक्या बारीक अक्षरांत छापता की भिंगानेही दिसत नाहीत. कोडे जो कोणी तयार करतो त्याला एकदा मळवलीला पाठवा, किंवा चौकोन तरी मोजायला सांगा.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक (आजी), चिंचवड

ता. क. : मागच्या वेळी माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापला होता. या वेळी कापायचाच असेल तर सोसायटीतल्या काकूंचा भाग कापावा, त्याही तुमचाच पेपर वाचतात.