मधमाश्यांसाठी कमळ लावताना

संपादक महोदय,

टबात कमळ लावण्याची हौस वाढते आहे. पण मधमाश्यांसाठी लावायचं तर भरगच्च पाकळ्यांची जात घेऊ नये. त्यात बरेचसे पुंकेसर पाकळ्या झालेले असतात. परागच कमी, मग माशी येईल कशाला? साधं, मोजक्या पाकळ्यांचं देशी कमळच बरं.

बी फार टणक. टोकदार बाजू सोडून खळगा असलेल्या टोकाला कानशीने घासावं आणि पांढरट भाग दिसताच थांबावं. जास्त घासलं की बी कुजतं. मग कोमट पाण्यात ठेवून पाणी रोज बदलावं. साधारण आठवड्यात कोंब येतो. मुळ्या फुटल्यावर बिनभोकाच्या रुंद टबात 15 सेंटिमीटर चिकणमाती, वर तेवढंच पाणी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नकोच, तरंगतं. पाण्याबाहेर उभी पानं येईपर्यंत खतही नको, मुळ्या जळतात. ऊन किमान 6 तास. सावलीत नुसती पानं माजतात.

पराग दुसऱ्या दिवशी मोकळे होतात, त्यामुळे उमलल्याबरोबर फूल तोडू नये. मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडल्यास पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा, कीटकनाशकाने माश्याही मरतात. डासांसाठी गप्पी मासे सोडलेच, तर ते पुढे तळ्यात ओतू नयेत.

– एक वाचक