मंगलोरी कौल चढवण्याआधी रिपा तपासा

महोदय,

कोकणातल्या जुन्या घरांची दुरुस्ती करताना ‘पारंपरिक छप्पर’ म्हणून सरसकट मंगलोरी कौले चढवली जातात. पण ही कौले आपल्या कुंभाराची नव्हेत. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कारखाना काढला. तो जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनऱ्याने उभारला. धर्मांतरामुळे जातीचा धंदा आणि घरचा आधार तुटलेल्यांना काम मिळावे, हा मुख्य हेतू. माती नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांकाठची, साचा मात्र एकमेकांत अडकणाऱ्या युरोपीय कौलाचा. फत्तेमारी या शिडाच्या गलबतांतून हा माल किनाऱ्याने मुंबईकडे आला.

या कौलाने छपराखालचे लाकूडकामच बदलले. हाताने घडवलेले नळे, म्हणजे अर्धगोल देशी कौले, नुसते एकावर एक टेकलेले असतात. वासे वाकडे, खाली बांबूच्या कामट्या, तरी चालते. दर उन्हाळ्यात ते परतावे, म्हणजे काढून पुन्हा रचावे लागतात, एवढेच. मंगलोरी कौल मागच्या बोंडाने, म्हणजे उंचवट्याने, रिपेवर (वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्टीवर) अडकते. त्याला करवतीने कापलेली सरळ रीप आणि सारखे अंतर लागते, साधारण साडेबारा इंच. अंतर अर्धा इंच वाढले की वरच्या कौलाची खाच नीट बसत नाही आणि वाऱ्याबरोबर पाणी आत शिरते. कमी झाले तर कौल उचललेले राहते.

म्हणून रिपा ठोकण्याआधी दहा कौले जमिनीवर जोडून पाहावीत. एकदा पूर्ण दाबून, एकदा पूर्ण ताणून मापावे आणि दोन्ही मापांच्या सरासरीवरून एका कौलामागचे अंतर काढावे. सगळी कौले एकाच कारखान्याची असावीत, कारण दोन कारखान्यांच्या खाचा सहसा जुळत नाहीत. 100 चौरस फुटांना सुमारे 150 कौले लागतात. फुटतुटीसाठी थोडी जास्त आणावीत. आडव्या दोन फुटांना एक फूट चढ हा किमान उतार. कोकणच्या पावसाला त्याहून जास्त हवा. पागोळीकडच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, ओळी भोकांतून तारेने रिपेला बांधाव्यात, कारण वादळात वारा आधी तिथेच कौल उचलतो.

जुन्या वाकड्या वाशांवर तशाच रिपा मारून मंगलोरी कौले घातली की पहिल्याच पावसात गळती लागते आणि दोष कौलाच्या माथी येतो. अंदाजपत्रकात रिपा आणि वासे सरळ करण्याचा खर्च वेगळा धरावा. नळ्यांचे छप्पर जिथे शाबूत आहे, तिथे नळेच परतावेत.

— एक वास्तुविशारद, रत्नागिरी