नवी कॉइल मागवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं. ओतकामाच्या साच्यांतलं मेण जाळायची तुझी विजेची भट्टी साडेपाचशे अंशांपर्यंत चढते आणि तिथेच रेंगाळते, म्हणून तू नवी वायर मागवायला निघालास. जरा दम धर. कॉइल, म्हणजे तापणाऱ्या वायरची गुंडाळी, गेलीही असेल, पण ती का गेली हे न शोधता नवी बसवलीस तर तीही त्याच वाटेनं जाईल.

आधी प्लग काढ. नुसता कंट्रोलर बंद करून आत हात घालू नकोस. सॉलिड स्टेट रिले, म्हणजे कॉइलींची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद असतानाही थोडा करंट झिरपू देतो, आणि बिघडला की बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो. मग दोन्ही कॉइलींची टोकं टर्मिनलवरून सोडव आणि प्रत्येकीचा रेझिस्टन्स वेगळा मोज. तुझी भट्टी २३० व्होल्टवर दोन किलोवॅटची, कॉइली समांतर. म्हणजे प्रत्येकी साधारण ५३ ओहम यायला हवेत. एक तुटली असेल तर उरलेली एकटी एकच किलोवॅट देते. भिंतींतून तेवढीच उष्णता बाहेर पडू लागली की तापमान तिथून हलत नाही. मला तरी तुझ्याकडे हेच झालंय असं वाटतं.

गार कॉइलवर घेतलेला आकडा कितपत खरा, ही शंका तुला येणारच. कॉइलची वायर कँथल ए-१ या लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. ती हजार अंशांना तापली तरी तिचा रेझिस्टन्स जेमतेम चार टक्के वाढतो, तेव्हा मीटरवर विश्वास ठेव. दोन्हीकडे ५३ च्या आसपास आले तर कॉइलींचा नाद सोड आणि टर्मिनलं, वायरी, रिले तपास. तापमान मोजणारा थर्मोकपलही पाहा, त्याचं टोक भिंतीत मागं सरकलं असेल तर भट्टी तापूनही आकडा कमीच दिसतो.

कॉइल तुटलेली निघाली तर कुठे तुटली ते नीट बघ. टर्मिनलजवळ तुटली असेल तर दोष बहुधा सैल नटाचा. सैल जोड तापतो, तापला की ऑक्साइड धरतो, आणि ऑक्साइड धरला की आणखी तापतो. म्हणून भिंतीतून बाहेर येणारं टोक दुहेरी पीळ देऊन जाड करायचं, म्हणजे ते गार राहतं. तांब्याची वायर गरम भागापासून लांब ठेव. मधेच तुटली असेल तर तिथले वेढे एकमेकांना चिकटलेत का, कॉइल खाचेतून लोंबलीय का, ते पाहा.

कॉइल तुटण्यामागे माझा खरा संशय मात्र मेणावर आहे. कँथलचं आयुष्य तिच्या अंगावरच्या अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) पातळ थरावर चालतं, आणि हवा कोंडून मेणाचा धूर आत साचला की काजळी त्या थराच्या मुळावर उठते. साचा उपडा ठेव, दीडशे अंशांच्या आसपास थांबून मेण खालच्या तसराळ्यात गळू दे, भट्टीचं वरचं भोक उघडं राहू दे. साचा जिप्समच्या प्लास्टरचा असेल तर साडेसातशेच्या वर जाऊच नकोस. उरलेल्या कार्बनमुळे त्यातलं कॅल्शियम सल्फेट फुटतं आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो ओतकामाचाही वैरी.

तुटलेली टोकं पिळून काम भागवायचा मोह होईल. एकदा वापरलेली वायर ठिसूळ होते, गार असताना वाकवलीस तर काडीसारखी मोडेल. शिवाय वायर कमी झाली की वॅट वाढतात: ५३ चे ४८ ओहम झाले तर वॅट दहा टक्के जास्त आणि पृष्ठभाग जवळपास तेवढाच कमी, म्हणजे वायरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बावीस टक्के जादा भार. नवीच घाल. ती चिकटवायला वॉटर ग्लासचं (सोडियम सिलिकेटचं) सिमेंट वापरू नकोस, त्यातला अल्कली अॅल्युमिनाचा थर खातो. विटांना झेपत असेल तर पहिल्यांदा भट्टी रिकामीच, भोक उघडं ठेवून, १०५० अंशांवर काही तास चालव, म्हणजे थर नीट बसेल. आणि भट्टीची पेटी अर्थ केलेली आहे ना? ओल्या प्लास्टरची वाफ आत असताना हा प्रश्न गंमतीचा राहत नाही.

दोन्ही कॉइलींचे ओहम आणि तुटलेल्या जागेचा फोटो पाठव. वायर किती जाडीची घ्यायची ते त्यावरून ठरवू.

तुझा मित्र