सूर्याचं लोहचुंबक गच्चीवरून

ठाणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

‘एवढ्या लांबून ताऱ्याचं चुंबकत्व मोजतात कसं?’ असं विचारलंस. उत्तराची सुरुवात तुझ्या ऐरोलीच्या गच्चीवरच होते.

तुझ्या ६० मिमी दुर्बिणीचं नाभीय अंतर ७०० मिमी. २५ मिमीचं आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लाव आणि त्याच्या मागे ६० सेंमीवर पांढरा पुठ्ठा धर. साधारण १५ सेंमीचं सूर्यबिंब पडेल. त्यात आपली पृथ्वी जेमतेम दीड मिमीची. आयपीसला डोळा लावायचा नाही, कधीच नाही. फाइंडरचं, म्हणजे वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचं, झाकण काढू नकोस. आयपीस प्लास्टिकचं असेल तर वितळतं. दुर्बीण सोडून खाली चहाला जाऊ नकोस, सोसायटीतली पोरं टपलेलीच असतात. पारसिकच्या डोंगरावर सूर्य कासराभर वर आला की बस. उशीर केलास तर स्लॅब तापतो आणि बिंबाची कड लकलकायला लागते.

पुठ्ठ्यावर दिसतील ते डाग म्हणजेच चुंबक. तिथलं चुंबकीय क्षेत्र दोन-तीन हजार गाउस (ते मोजायचं एकक), आपल्या होकायंत्राला हलवणारं अर्ध्या गाउसच्या आसपास. एवढ्या जोराच्या क्षेत्रात खालून उकळून वर येणारा वायू अडतो, उष्णता पोचत नाही. भोवती ५,८०० केल्विन, डागात ४,००० च्या आतबाहेर. म्हणून काळा वाटतो, इतकंच.

क्षेत्राचा हा आकडा मात्र वर्णपटातून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यातून येतो. १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत हेल या खगोलशास्त्रज्ञाने डागांच्या प्रकाशात वर्णरेषा (त्या पट्ट्यातल्या बारीक काळ्या रेघा) चुंबकीय क्षेत्रामुळे दुभंगलेल्या पाहिल्या. लोखंडाची ६३०२.५ आंगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग) तरंगलांबीची रेषा घे: ३,००० गाउसला तिचे फाटे मूळ जागेपासून दोन्हीकडे फक्त ०.१४ आंगस्ट्रॉम सरकतात. बाजारातल्या, प्रकाश फोडणाऱ्या बारीक रेघांच्या जाळीच्या तुकड्याने हे जमणार नाही.

ताऱ्यांच्या बाबतीत खरी पंचाईत पुढे आहे. तारा ठिपक्याएवढाच दिसतो, त्यामुळे उत्तर-दक्षिण ध्रुवांचे संकेत एकमेकांना मारतात. त्यात तो सेकंदाला ५० किमी वेगाने फिरत असला तर रेषा एकेका बाजूला एक आंगस्ट्रॉमभर पसरते आणि ते ०.१४ त्यात बुडून जातं. उपाय दोन. एक, रेषेच्या दोन कडांवर वर्तुळाकार ध्रुवण (प्रकाशलहरीचं डावं-उजवं फिरणं) उलटसुलट असतं, ते मोजायचं; बॅबकॉकने १९४७ मध्ये ७८ व्हर्जिनिस या ताऱ्याचं क्षेत्र असंच पकडलं. दुसरा, अवरक्तात, म्हणजे लाल रंगापलीकडच्या प्रकाशात जायचं: फिरण्याने येणारा पसारा तरंगलांबीच्या पटीत वाढतो, चुंबकत्वाने रेषेला पडणारी फूट तिच्या वर्गाच्या पटीत. मला हा दुसरा उपाय जास्त देखणा वाटतो. न्यूट्रॉन ताऱ्यांचे लाख कोटी गाउस पुन्हा कधीतरी.

तू डागांच्या जोड्या टिप. पुढचा, म्हणजे पश्चिमेचा डाग बहुधा विषुववृत्ताच्या थोडा जवळ असतो. दुर्बीण न हलवता डाग पुठ्ठ्यावर सरकू दे. सरकेल ती पश्चिम. ऑक्टोबरात सूर्याचा अक्ष आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेपासून २६ अंश कललेला दिसतो, तेवढी दुरुस्ती करावी लागते. ५ जानेवारीच्या सुमारास तो कल शून्य असतो. जुलैतही होतो, पण तेव्हा तुझ्या गच्चीवर ताडपत्री असते. तेव्हा जानेवारीच धर.

तुझा,
अविनाश